राजाश्रय सरल्यानंतरचे शहर



ज्या शिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आपली सारी हयात याच गावच्या शाळेत वेचली, आणि पुण्या-मुंबईहून आलेली अधिक वेतनाची व अधिक प्रतिष्ठेची बोलावणी विनयाने परत पाठवून वेचली, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना मी सांगावयास नको. त्यांच्या या निश्चयाचे कौतुक आपण दर वर्षी करतो. परंतु तो निश्चय योग्य होता काय, आणि आज एखाद्या तरुणाने किंवा तरुणीने तसाच निश्चय करावयाचे म्हटले तर आपण तिला कोणत्या आधारावर होकार द्यावा, याचा विचार मात्र आपण फारसा केलेला नाही. तो विचार आज सांगली आणि मिरज या जोडनगरांच्या उदाहरणाने करावा असे मी योजिले आहे. लहान शहरांविषयी सामान्य विधाने करणे सोपे असते, पण अशी विधाने कोणत्याच एका शहराला पुरती लागू पडत नाहीत. म्हणून जे शहर आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे त्याच्यापुरतेच बोलणे मला अधिक प्रामाणिकपणाचे वाटते.

या प्रश्नाचा विचार घरोघर होतो तो जमाखर्चाच्या अंगाने. येथे घर स्वस्त मिळते, शाळा आणि कचेरी जवळ असतात, सायंकाळी माणूस वेळेवर घरी येतो, म्हाताऱ्या आईवडिलांजवळ राहता येते, हे एका रकान्यात मांडावयाचे. येथे वेतन कमी, नोकऱ्या थोड्या, बढतीला वाव नाही, मुलांना स्पर्धेची सवय लागत नाही, हे दुसऱ्या रकान्यात मांडावयाचे. आणि मग ज्या बाजूची बेरीज भारी पडेल त्या बाजूस पाऊल टाकावयाचे. हा हिशेब खोटा आहे असे मी म्हणत नाही. ज्याला कुटुंब पोसावयाचे आहे त्याने तो केलाच पाहिजे, आणि सव्वादोनशे किलोमीटरांवरच्या पुण्यात मुलाला दुप्पट वेतन मिळत असेल तर आईबापांनी त्याला अडवू नये. परंतु या हिशेबात शहर माणसाला काय देते एवढेच काय ते लिहिलेले असते. माणसाच्या हातून त्या शहरात कोणते कार्य सिद्धीस जाऊ शकते, आणि सिद्धीस गेलेले ते कार्य जतन करण्याची ऐपत त्या शहराला आहे की नाही, या गोष्टीला त्यात जागाच नसते. माझ्या मते लहान शहराची परीक्षा येथे होते.

सांगली हे मूळचे मोठे नगर नव्हे. मिरजेच्या पटवर्धन घराण्यात वाटणी झाल्यावर चिंतामणराव आप्पासाहेबांनी १८०१ च्या सुमारास कृष्णाकाठच्या या लहानशा गावी आपले ठाणे केले, तेव्हापासून या गावाला गणेशदुर्ग, गणपतीचे देवालय, पेठा, कारखाने आणि दप्तरे प्राप्त झाली. म्हणजे हे नगर व्यापाराने किंवा तीर्थमाहात्म्याने हळूहळू वाढलेले नाही. एका संस्थानिकाच्या इच्छेने ते वसले, आणि त्याच्या गुणदोषांची मुळे शोधावयाची तर ती या उत्पत्तीतच शोधावी लागतात. १८४२ साली कर्नाटकातील एका भागवत मंडळीचा खेळ चिंतामणरावांनी पाहिला, तसा खेळ मराठीत व्हावा अशी इच्छा त्यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना बोलून दाखविली, आणि १८४३ च्या ५ नोव्हेंबरला ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. तो दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो. या घटनेचा हा पूर्वार्ध आपण अभिमानाने सांगतो. उत्तरार्ध मात्र सहसा सांगत नाही. १८५१ साली चिंतामणराव निवर्तले, दरबारचा आश्रय सुटला, मंडळीचा खर्च अंगावर आला, आणि भाव्यांना आपला संच घेऊन दौऱ्यावर निघावे लागले. १८५३ साली ते मुंबईस पोहोचले आणि ग्रँट रोडवरील नाट्यगृहात तिकीट लावून त्यांनी खेळ केले. ज्या कलेला सांगलीने जन्म दिला तिला सांगली पोसू शकली नाही, कारण सांगलीत तिला पोसणारा एकच मनुष्य होता आणि तो मनुष्य गेला. मुंबईत तिकीट काढणारे शेकडो लोक होते. त्यांपैकी एक गेला तरी दुसरा येत होता.

लहान शहराच्या उणिवांपैकी पहिली आणि सर्वांत जुनी उणीव ही आहे, आणि वर सांगितलेल्या जमाखर्चात ती कधीच सापडत नाही. येथे एखादे कार्य आरंभिणे सुलभ असते, कारण ज्याच्या होकाराने ते व्हावयाचे त्याच्यापर्यंत पोहोचण्यास दोन गल्ल्या ओलांडाव्या लागतात. पण तेच कार्य त्या एका होकारावर अवलंबून राहते. संस्थानिकांच्या जागी पुढे कारखान्याचे अध्यक्ष आले, शिक्षणसंस्थेचे चालक आले, आमदार आले, तरी हा नियम पालटलेला नाही.

मिरजेचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे. बालपणी फटाक्याच्या अपघाताने त्यांच्या दृष्टीस इजा झाली आणि उपचारासाठी ते मिरजेस आले. तेथे संस्थानिकांच्या आश्रयाने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ त्यांचे गायनाचे शिक्षण झाले. सारी व्यवस्था दरबारची होती, गुरू महाराष्ट्रात खयालगायकीची गंगा आणणारे होते, आणि शिष्य असामान्य होता. इतका अनुकूल योग मोठ्या शहरात दुर्मीळच. तरीही १८९६ साली विष्णु दिगंबरांनी मिरज सोडली. एका समारंभास त्यांना निमंत्रण होते आणि त्यांच्या गुरूंना नव्हते, कारण गुरू केवळ ‘गवई’ होते, आणि हा अवमान त्यांच्या जिव्हारी लागला, अशी आठवण सांगितली जाते. पाच वर्षांनी, १९०१ साली, त्यांनी दूर लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि ते लोकांच्या वर्गणीवर चालविले. मिरजेने त्यांना विद्या दिली. त्या विद्येला जो सामाजिक मान हवा होता तो मात्र मिरज देऊ शकली नाही, कारण तेथे प्रत्येकाची पायरी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली होती आणि ती पायरी सर्वांना पाठ होती. ज्या गावात सर्व जण सर्वांना ओळखतात, त्या गावात माणसाला आपले स्थान पालटणे फार कठीण जाते.

एवढे ऐकून आपणांस वाटेल की मी लहान शहराविरुद्ध वकालतनामा घेऊन आलो आहे. तसे नाही. आता मी ज्या गल्लीचे वर्णन करणार आहे ती पाहिल्यावर कोणाही विचारी मनुष्याचे मत स्थिर होण्यापूर्वी थोडे थांबेल. मिरजेत सतारी आणि तंबोरे घडविण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेला आहे. तो धंदा करणारी मूळ घराणी शिकलगारांची, म्हणजे तलवारी, भाले आणि बिचवे यांना धार लावणाऱ्यांची. इंग्रजी अंमल दृढ झाला, संस्थानांच्या फौजा घटल्या, शस्त्रे खुंटीला लागली, आणि शिकलगारांचा रोजगार बुडाला. तेव्हा फरीदसाहेब या कुशल कारागिराने तंतुवाद्ये दुरुस्त करता करता ती घडविण्याची विद्या हस्तगत केली, आणि त्या घराण्यांचे आडनाव पुढे ‘सतारमेकर’ असेच रूढ झाले. पंढरपूरच्या बाजूने येणारे मोठे कडू भोपळे वाळवावयाचे, त्यांतून आकार, जाडी आणि नाद यांची पारख करून एखादा निवडावयाचा, तो कापून पाण्यात भिजवून आतून आधार देत त्याला हवा तसा घाट आणावयाचा, तुणीच्या जुन्या लाकडाची दांडी त्याला जोडावयाची, आणि एवढे सारे झाल्यावर सर्वांत कठीण अशी जवारी काढावयाची. तारेखालच्या हाडाच्या घोडीचा पृष्ठभाग कानसेने इतका अचूक घासावयाचा की तार छेडताच तिच्यातून स्वरांचे सारे गोत्र उमटावे. हे काम मोजपट्टीने होत नाही. ते कानाने होते, आणि कान तयार व्हावयास आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे लागतात.

अशी विद्या मुंबईत का टिकली नसती? मुंबईत कारागीर नव्हते असे नाही. परंतु जेथे दर हात जागेचे भाडे मोजावे लागते तेथे भोपळे वर्षवर्ष वाळत ठेवणे परवडत नाही. जेथे मुलगा दहाव्या वर्षी दुसऱ्या वाटेने निघून जातो तेथे बापाचा कान त्याच्याकडे उतरत नाही. आणि जेथे शेजारचे दुकान निराळ्या धंद्याचे असते तेथे आपल्या हातची चूक शेजाऱ्याच्या नजरेस पडत नाही. मिरजेच्या त्या गल्लीत एका दुकानात जवारी बिघडली तर समोरच्या दुकानात ती ऐकू येते. दीडशेहून अधिक वर्षे ही परंपरा चालू आहे, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात त्या गल्लीच्या या अखंड सहवासाचा वाटा मोठा आहे असे मी मानतो. वेळ आणि शेजार या दोन गोष्टी मोठ्या शहरात पैसे देऊनही मिळत नाहीत. लहान शहराची खरी संपत्ती कोणती असे मला विचाराल तर मी या दोन गोष्टींकडे बोट दाखवीन. स्वस्त घर, मोकळी हवा आणि रिकामे रस्ते यांचा क्रम त्यांच्यानंतरचा, आणि हवा व रस्ते यांची ग्वाही तर आता आपल्या शहराविषयीही देववत नाही.

अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेस येऊन स्थायिक झाले, त्याची कारणे श्रद्धेची होती तशी प्रकृतीचीही होती. पण ज्यांना तंबोऱ्याच्या जवारीचे असामान्य ज्ञान होते अशा गायकाला वाद्य घडविणाऱ्यांच्या गावी राहणे भावले असेल तर नवल नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासेकडील प्रवासात एका लहानशा स्थानकावर त्यांचा अंत झाला, आणि त्यांचा देह तेथून मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. दर्ग्याच्या उरुसात आजही संगीतसभा होते आणि भारतातील नामवंत गायक-वादक तेथे सेवा म्हणून हजेरी लावून जातात.

त्याच मिरजेत वासुदेवशास्त्री खरे यांनी तीस वर्षांहून अधिक काळ शाळेत संस्कृत शिकविले. दिवसा वर्ग, आणि उरलेल्या वेळात पटवर्धनांच्या दप्तरांतील मोडी कागदांचे वाचन, हा त्यांचा क्रम होता. त्यातून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड एकामागून एक निघाले, आणि उत्तर पेशवाईचा इतिहास लिहू पाहणाऱ्या कोणालाही ते आजही टाळता येत नाहीत. हे कार्य मिरजेतच होण्याजोगे होते, कारण कागद मिरज, सांगली, तासगाव, जमखिंडी अशा पटवर्धनी वाड्यांत होते. आणि वाड्यांचे मालक आपल्या घराण्याचे दप्तर परक्याच्या हाती देत नसतात, पण ज्याने आपल्या मुलांना शिकविले आणि ज्याचे चारित्र्य आपण रोज पाहतो अशा शाळामास्तराला ते नाकारणे त्यांना जड जाते. शास्त्रीबुवांना पगार थोडा होता, संसाराची ओढाताण होती, ग्रंथाचा छपाईखर्च निघेल की नाही याची विवंचना होती. पण साधने हाताशी होती, आणि त्यांचे कार्य तडीस गेले. आज ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत त्या शिक्षकांचा आदर्शही शास्त्रीबुवाच होते, हे आपणांपैकी काहींना स्मरत असेल.

यावरून माझे पहिले अनुमान असे की ज्याच्या कार्याची सामग्री या भूमीत आहे, मग ती भोपळा असो, दप्तर असो, हळदीचे वाण असो किंवा येथल्या रुग्णांची शुश्रूषा असो, त्याने लहान शहरात राहणे हा त्याग नव्हे. त्यात त्याचा लाभ आहे. डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मिरजेस रुग्णालय काढले तेव्हा लोहमार्गाने दूरदूरचे रोगी तेथे येऊ शकत होते, आणि त्या रुग्णालयाभोवती शस्त्रवैद्यांची जी परंपरा रुजली तिच्यामुळे उत्तर कर्नाटकातील माणूस आजही उपचाराला मिरजेची वाट धरतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली, औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ दिला, आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. राजाश्रय, लोहमार्ग आणि एका माणसाचा हट्ट, एवढ्यावर त्या काळी एक उद्योगनगरी होऊ शकत होती.

पण १९४८ साली ही सर्व संस्थाने विलीन झाली. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० साली त्याला सांगलीचे नाव मिळाले. विलीनीकरण न्याय्य होते, आणि त्याविषयी खेद करणाऱ्यांच्या पंक्तीस मी बसणार नाही. रयतेचे राज्य रयतेच्या हाती जाणे हेच योग्य. तथापि पूर्वी दरबाराच्या खजिन्यातून ज्या गोष्टी चालत होत्या त्या पुढे कोणी चालवावयाच्या, हा प्रश्न तेव्हा कोणी यथास्थित सोडविला नाही, आणि तो आजही तसाच आहे. आपण महाविद्यालये काढली. १९१९ चे विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ चे अभियांत्रिकी महाविद्यालय यांनी उत्तम विद्यार्थी घडविले, सहकारी साखर कारखान्यांनी शेतकऱ्याच्या हाती पैसा दिला, हळदीच्या आणि बेदाण्याच्या पेठेने सांगलीचे नाव देशभर नेले. परंतु जो अभियंता येथे घडतो त्याला येथे करण्यासारखे काम आपण निर्माण केले नाही. भाव्यांना जावे लागले, विष्णु दिगंबरांना जावे लागले, आणि त्याच क्रमाने दर उन्हाळ्यात परीक्षेचा निकाल लागला की आपली मुले जातात. विश्रामबागेच्या कितीतरी घरांत आज दोन वृद्ध माणसे आणि एक दूरध्वनी एवढाच परिवार उरला आहे. ही वस्तुस्थिती मला अस्वस्थ करते, आणि तिचा दोष मी मुलांवर ठेवीत नाही.

आता ज्या दोषाविषयी बोलणे कठीण आहे त्याविषयी बोलतो. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या ४ नोव्हेंबरला घटना समितीत ग्रामजीवनाच्या गौरवाचा जो कठोर समाचार घेतला, तो खेड्यांपुरता होता असे समजून आपण शहरवासी निर्धास्त राहतो. परंतु ज्या परिचयाचे मी आतापर्यंत गुणगान केले तोच परिचय आडनाव विचारतो. भाड्याची खोली मागावयास आलेल्या माणसाला प्रथम त्याचे गाव, मग आळी, मग आडनाव विचारले जाते, आणि उत्तर मनासारखे नसेल तर खोली नुकतीच दिली गेली असे सांगण्यात येते. एखाद्या मुलीने कोणाशी बोलावे, किती वाजता घरी यावे, कोणते वस्त्र ल्यावे, याची चौकशी करणारे डोळे येथे प्रत्येक वळणावर असतात, आणि ते डोळे शेजारधर्माच्या नावाने पाहतात, म्हणून त्यांना उत्तर देणेही तिला कठीण जाते. जातीबाहेर विवाह केलेल्या जोडप्याला मोठ्या शहरात निदान अनोळखीपणाचा आडोसा मिळतो. मुंबईसुद्धा निर्दोष नव्हती. गिरण्यांच्या विणखात्यात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश नसे, हा इतिहास आहे. तरीही बाबासाहेबांनी आपल्या लोकांना शहराची वाट धरावयास सांगितले, आणि ते सांगणे शहाणपणाचे होते. म्हणून ज्याला किंवा जिला येथे मान ताठ ठेवून जगता येत नाही, तिने हे गाव अवश्य सोडावे, आणि जाणाऱ्याला कृतघ्न म्हणण्याचा अधिकार आपणांपैकी कोणालाही नाही.

परिचय असला म्हणजे सलोखा आपोआप राहतो, हीही आपली एक गोड समजूत आहे. ज्या मिरजेत दर्ग्यापुढे हिंदू गायक गातात आणि मुसलमान कारागिरांच्या हातचे तंबोरे देवळांत वाजतात, त्याच मिरजेत २००९ च्या गणेशोत्सवात दंगल उसळली आणि संचारबंदी लागली. दगड फेकणारे आणि ज्यांच्यावर ते पडले ते, एकमेकांना अपरिचित होते असे कोण म्हणेल? सलोखा हा रोज करावयाचा उद्योग आहे. तो करणारी माणसे थकली किंवा उदासीन झाली की परिचयाचे रूपांतर वैरात होण्यास एक अफवा पुरते.

राहता राहिली नदी. या शहराविषयी बोलताना कृष्णेला वगळून चालत नाही. २०१६ च्या एप्रिलात लातूर तहानेने व्याकूळ झाले तेव्हा मिरजेहून आगगाडीने पाणी गेले. पहिल्या फेरीच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते, आणि ते कृष्णेचे होते. त्या वेळी या शहराला आपल्या नदीचा रास्त अभिमान वाटला. त्यानंतर तीनच वर्षांनी, २०१९ च्या ऑगस्टात, तीच नदी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर चढली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. २००५ साली असाच पूर येऊन गेला होता. हरिपूरच्या भूमीतील पेवे, ज्यांत पिढ्यान्‌पिढ्या हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे, त्या पुराच्या पाण्याने निकामी झाली आणि साठवणुकीची ती जुनी रीत बहुतांशी संपुष्टात आली. एवढा धडा मिळूनही चौदा वर्षांत आपण काय केले? नदीच्या पूररेषेत घरे बांधली, ओढे-नाले बुजविले, शेरीनाल्याचे सांडपाणी वर्षानुवर्षे नदीत सोडीत राहिलो, आणि दीडशे वर्षांच्या घरात आलेले नगरवाचनालय जेथे होते तेथेच राहू दिले. २०१९ च्या पुरात त्या वाचनालयातील दुर्मीळ ग्रंथ भिजून लगदा झाले. धरणांच्या विसर्गाविषयी दोन राज्यांत जो वाद चालतो त्याचा निवाडा जाणकारांनी करावा. परंतु जुने ग्रंथ तळमजल्यावर ठेवावयाचे की वर, हे ठरविण्यास कोणत्याही लवादाची आवश्यकता नव्हती. विष्णुदास भाव्यांच्या काळी राजाश्रय संपला म्हणून कला गेली. आमच्या काळी लोकाश्रय निर्माणच झाला नाही म्हणून ग्रंथ गेले. या गोष्टीचे मला जितके दुःख होते तितके पुराने झालेल्या द्रव्यहानीचे होत नाही, कारण द्रव्य पुन्हा मिळविता येते.

लोकाश्रय म्हणजे केवळ वर्गणी नव्हे. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महानगरपालिका झाली; पण तीन गावांचा कारभार एकत्र झाला, नागरिकत्व एकत्र झाले नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ३ लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या, त्यालाही आता तीन दशके उलटली. प्रभाग समितीच्या बैठकीची तारीख विचारावयास आपणांपैकी किती जण कचेरीत गेले आहेत? २०२२ नंतर राज्यातील बहुसंख्य महापालिकांचा कारभार दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिला, आणि त्याविरुद्ध कोठे मोठासा आवाज उठला नाही. मुंबईसारख्या अफाट नगरात एका नागरिकाच्या अर्जाला काय किंमत, असे म्हणून गप्प बसण्यास निदान सबब तरी आहे. येथे ती नाही. येथे अभियंत्याचे नाव ठाऊक असते, नगरसेवकाचे घर ठाऊक असते, नाल्यात भराव कोणी टाकला तेही ठाऊक असते; आणि इतके सारे ठाऊक असून आपण बोलत नाही, कारण त्याच्या मुलीचे लग्न आपल्या नात्यात झालेले असते किंवा आपल्या मुलाची नोकरी त्याच्या शब्दावर लागलेली असते. लहान शहराच्या सार्वजनिक जीवनाला लागलेला हा भिडेचा रोग मला त्याच्या दारिद्र्यापेक्षा अधिक घातक वाटतो.

तेव्हा निर्णय काय? ज्याच्या कार्याची मुळे या मातीत आहेत आणि ज्याला दीर्घ काळ एका कामात राहावयाचे आहे, त्याने येथे राहावे. मोठ्या शहरात त्याला अधिक पैसा मिळेल, पण त्याचे काम तेथे होणार नाही. ज्याच्या विद्येला येथे क्षेत्र नाही त्याने जावे, आणि जाताना अपराधी वाटून घेऊ नये. जिला येथे जाचाने राहावे लागते तिने तर थांबूच नये. आणि जो केवळ घर स्वस्त आहे, निवृत्तीनंतर निवांतपणा मिळेल, एवढ्यासाठी येथे येऊ इच्छितो, त्याला मी नम्रपणे सांगेन की त्या निवांतपणाची किंमत या शहरातील दुसरा कोणीतरी देत असतो. पूररेषेतील घर त्याचे असते, आणि तुंबलेल्या नाल्याकाठची खोलीही त्याचीच असते. त्या माणसाच्या प्रश्नात लक्ष घालण्याची तयारी असेल तरच येथले वास्तव्य सार्थ आहे. आमच्या शिक्षकांचा निश्चय योग्य होता, असे मी आज विचारपूर्वक म्हणतो. कारण त्यांच्या कार्याची सामग्री, म्हणजे या गावची मुले, येथेच होती, आणि भीड न बाळगता ते पालिकेच्या दारी अर्ज घेऊन उभे राहत.

माझी आपणांस विनंती आहे ती थोडकी आहे. या सभागृहात बसलेल्यांपैकी ज्यांची घरे भाड्याने देण्याजोगी आहेत त्यांनी पुढच्या भाडेकरूचे आडनाव विचारू नये. ज्यांच्या मुलांना गाण्याची आवड आहे त्यांनी त्यांना एकदा तरी सतारमेकरांच्या गल्लीत नेऊन जवारीचे काम दाखवावे, आणि वाद्य घ्यावयाचे तर तेथूनच घ्यावे. आणि आपल्या शाळा, मंडळे, वाचनालये यांपैकी ज्यांची पुस्तके आणि कागदपत्रे अजूनही तळमजल्यावर असतील, त्यांच्या चालकांना भेटून ती येत्या मृगापूर्वी वरच्या मजल्यावर हलविण्यास भाग पाडावे. त्यासाठी फळ्या, कपाटे आणि हमाली यांचा जो खर्च येईल तो आपण नागरिकांनी वर्गणीने उभा करावा, आणि त्या कामासाठी माझे नाव यादीत पहिले लिहून घ्यावे.